बकासुराचा गाडा आणि बुरडाचं डालगं

केळझरला उतरलं की पहिली गोष्ट कानावर पडते ती बकासुराची. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव. टेकडीवर सिद्धिविनायक, विदर्भाच्या अष्टविनायकांतला एक. गावाचं जुनं नाव म्हणे एकचक्रानगरी. लाक्षागृहातून निसटलेले पांडव इथल्याच ब्राह्मणाच्या घरी लपून राहिले आणि भीमानं इथंच बकासुर मारला. हाच मान जळगाव जिल्ह्यातलं एरंडोलही मागतं, उत्तरेतली दोन-तीन गावंही मागतात. तो तंटा त्यांचा त्यांनी सोडवावा. मला त्या गोष्टीतला फक्त गाडा हवा आहे.

गाड्यात काय भरायचं हे महाभारतात ठरलेलं आहे : गाडाभर भात, दोन रेडे, आणि गाडा हाकत नेणारा माणूस. घराघरावर पाळी. एवढं पोचलं की बकासुर उरलेल्या गावाला हात लावत नाही, वर परचक्रापासून गाव राखतो. राक्षस वगैरे बाजूला ठेवून पाहिलं तर खाणाऱ्या जनावराशी गावानं केलेला हा करारच. पुढं भीम येतो, गाड्यावरचा भात स्वतःच खातो, बकासुराला मारतो आणि त्याचं धूड वेशीवर टाकून देतो. गोष्ट संपते. बकासुर कुठं राहायचा ते दाखवणारे केळझरात भेटतात. गाड्यासोबत जाणारे ते दोन हले, म्हणजे रेडे, कुणाच्या कोठ्यातून सोडून नेत होते, ते मात्र कुणी दाखवत नाही.

पाळीव जनावर हिंस्र जनावरापासून राखायचं, या उद्योगाची दोन घराणी आहेत. एक भीमाचं : खाणाऱ्याच्या मागं लागा, मारा, धरा, हाकला. दुसरं घराणं खाणाऱ्याच्या वाटेला जातच नाही. ते आपलं करडू झाकून ठेवतं. पहिल्या घराण्याला कथा, देवळं, पोवाडे, बंदुकीसकट काढलेले फोटो मिळाले. दुसऱ्याच्या वाट्याला बुरडाच्या दारातली उधारी आली. हा मागोवा दुसऱ्या घराण्याचा आहे. पण पहिलं मधेमधे पाय घालतंच, त्याला इलाज नाही.

तिन्हीसांजेला गावाच्या कडेच्या घरात गेलो होतो. बकऱ्या रानातून यायच्या होत्या आणि अंगणात पिल्लांचा कालवा चालला होता. आठ-पंधरा दिवसांचं पिल्लू कळपामागं चालू शकत नाही. आई चरायला जाते, ते घरी राहतं, बांबूच्या उलट्या घातलेल्या डालग्याखाली. डालगं म्हणजे मोठी, विरळ विणीची टोपली. खालचा घेर मोठा, वर निमुळता, कामट्यांच्या फटी एवढ्याच की वारा जावा, पिल्लानं तोंड बाहेर काढावं, पण मांजराचा पंजा खोल पोचू नये. वर वजनाला फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा. बकऱ्या आल्या तशी घरच्या काकूंनी आधी एकेक आई दोरीला बांधली, मग पाट्याचा तुकडा उतरवला आणि डालग्याची कड चार बोटं उचलली. त्या चार बोटांतून चार पिल्लं बाहेर आली आणि न चुकता आपापल्या आईच्या पोटाखाली शिरली. कासा ढुशा मारमारून रिकाम्या झाल्या. मग काकूंनी पोटाखाली हात घालून एकेक पिल्लू उचललं, पुन्हा डालग्याखाली. डालगं मात्र आता अंगणातून कोठ्यात गेलं होतं. पाट्याचा तुकडा पुन्हा वर.

"दगड कशाला, काकू?"

"बोका लोटते ना जी."

बोका म्हणजे रानबोका. केळझरच्या पलीकडं बोरचं जंगल सुरू होतं. ते १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प, गाभा क्षेत्र १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास, देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत सगळ्यात लहान म्हणून ओळखला जाणारा. तिथं पट्टेदार वाघ आहे, बिबट आहे, अस्वल आहे, रानकुत्री आहेत. पण पंधरा दिवसांच्या पिल्लाचे शत्रू वेगळे. रानबोका, कोल्हा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गावातलीच मोकाट कुत्री. पिल्लाच्या यादीत वाघ फार खाली आहे. यादीत वर असलेल्या या लहान शत्रूंसाठी पाट्याचा तुकडा पुरतो.

डालग्याचं आणखी एक काम आहे, आणि माझ्या मते तेच मूळचं असावं. पिल्लू दिवसभर आईबरोबर राहिलं तर घराला दूध उरत नाही. त्याला आईपासून तोडून ठेवायचं, ठरल्या वेळी पाजायचं, उरलेलं पिळून घ्यायचं. म्हणजे ज्याला आपण राखण म्हणतो त्यात निम्मा दुधाचा हिशेब आहे. राखण फुकटात मिळते. म्हणूनच ती इतकी टिकली. निव्वळ भीतीपोटी केलेली व्यवस्था माणूस चार रात्रींत कंटाळून सोडून देतो.

बांबू कुजतो. डालग्याचा पुरातन पुरावा त्यामुळं मिळायचा नाही. पण कोंडवाड्याचा मिळाला आहे, आणि तोही आपल्या दख्खनच्या पठारावर. तेलंगणातल्या उत्नूरला राखेचा एक जुना ढिगारा होता. आंध्र-कर्नाटकात असे ढिगारे पुष्कळ; कुणी त्यांना राक्षसांच्या हाडांची राख म्हणे, कुणी ज्वालामुखीची. १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञानं उत्नूरचा ढिगारा खणला, तेव्हा राखेखालून खांबांचे खळगे निघाले. एकात एक अशी लाकडी कुंपणं होती आणि आतल्या जागी गुरांच्या खुरांचे ठसे होते, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. राख होती ती शेणाची. लोक गुरं आत कोंडत, शेण साचू देत, मग ते पेटवून देत आणि पुन्हा नवा वाडा उभारत. एकदा नव्हे, अनेकदा. होळी-दिवाळीला गुरं जाळावरून नेण्याच्या चालीचं मूळ अशा जाळण्यात असेल का, असा विचार ऑल्चिननं मांडला होता. शाबीत करता येत नाही, पण आमच्या भागात दिवाळीत गायगोधन पाहिलेल्या माणसाला तो सहज झटकूनही टाकता येत नाही.

केळझरपासून फार लांब नसलेल्या टाकळघाट-खापा इथं १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देवांनी उत्खनन केलं. तिथले लोक म्हणजे नागपूरभोवतीची शिळावर्तुळं घालणारे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले. विदर्भातल्या त्यांच्या दफनांत घोडे आहेत आणि लोखंडी कुऱ्हाडी आहेत. घोड्यांवर अभ्यासकांनी बरंच लिहिलं. माझं लक्ष कुऱ्हाडीकडं जातं. हातात लोखंडी कुऱ्हाड असल्याशिवाय बाभळीची काटी तोडायची म्हणजे शिक्षाच. कुऱ्हाड आली आणि काट्याचं कुंपण स्वस्त झालं, असा माझा अंदाज. अंदाजच म्हणा.

काटी रचायचीही एक रीत आहे. बुंधा आत, शेंडा बाहेर. बाहेरून येणाऱ्याला काटेच काटे, आणि आतल्याला धरायला बुंधा. दाराची काटी आतूनच ओढून घ्यायची म्हणजे दार बंद. पूर्व आफ्रिकेतले मसाई आपल्या गुरांभोवती हेच करतात, तीच बाभळीच्या कुळातली झाडं, तोच बुंधा आत. कुणी कुणाकडून शिकलं असं समजायचं कारण नाही. काटेरी फांदी हातात घेतली की ती कशी धरायची हे फांदीच सांगते. उणं एकच : उधळी. पावसाळा गेला की निम्मं कुंपण माती झालेलं असतं, दरवर्षी नवी काटी तोडावी लागते.

फिरत्या माणसाला काटी कुठली तोडायला मिळणार? त्याच्याकडं वाघर आली. धनगरांचं जाळं ते. दोरखंडाचं, मोठ्या डोळ्यांचं, मेखांवर ताणून मेंढरांभोवती उभं करायचं. सकाळी गुंडाळून घोड्यावर टाकायचं, संध्याकाळी दुसऱ्या शेतात पुन्हा उभं. पूर्वी दोर अंबाडीचा किंवा तागाचा असे, आता नायलॉनचा. कोकरांची वाघर वेगळी, लहान.

या शब्दाची एक गंमत आहे. वाघर म्हटलं की वाटतं वाघाशी काही नातं असेल. कसलंही नाही. मूळ संस्कृत शब्द वागुरा, आणि वागुरा हे शिकाऱ्याचं हरणं पकडायचं जाळं. अमरकोशात तोच अर्थ आहे. वागुरिक म्हणजे पारधी. रानातलं जनावर आत अडकवून मारण्यासाठी केलेली वस्तू कधीतरी मेंढपाळाच्या हाती आली आणि तिचं काम बरोबर उलटं झालं. जाळं तेच, गाठी त्याच. आत कोण आणि बाहेर कोण, एवढंच बदललं. शब्दकोशात एवढी मोठी क्रांती एका ओळीत उरकलेली सापडते.

वाघर मी जवळून पाहिली तेव्हा मला ती विनोदी वाटली होती. लांडगा तिच्यावरून उडी मारेल, बिबट तर थट्टा समजेल. रात्र काढल्यावर तिचं खरं काम कळतं. ती लांडग्याला अडवतच नाही, मेंढराला अडवते. लांडगा कळपाजवळ येतो तेव्हा त्याचा खरा डाव कळप फुटण्यावर असतो. मेंढरं उधळली, अंधारात चारी वाटांना पांगली की एखादं कोकरू बाजूला पडतं, मग काम सोपं. वाघरीत कळप फुटत नाही. तो एका जागी दाटतो, गलका करतो, घंट्या वाजतात, कुत्री भुंकतात आणि चारी कोपऱ्यांना झोपलेली माणसं काठ्या घेऊन उठतात. थोडक्यात, वाघर म्हणजे गजर. भिंत समजून तिच्याकडं पाहिलं तर हसू येणारच.

आणि तरी एखादं कोकरू जायचंच. लांडग्याचा वाटा म्हणून ते सोडून देणारे धनगर भेटतात. यात कुणी फार मोठी करुणा शोधू नये. बाजारात नेताना आजारी पडून मरणारी, पुरात वाहून जाणारी, ट्रकखाली येणारी मेंढरं लांडग्यानं नेलेल्यांपेक्षा काही कमी नसतात. पण ट्रकला कुणी वाटा म्हणत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

स्थिर गावात वाघरीचं काम माणूस करायचा. आमच्याकडं गायकी म्हणतात, ढोरकी म्हणतात. सकाळी आखरावर सगळ्या गावची गुरं गोळा व्हायची, गायकी ती घेऊन रानात जायचा, संध्याकाळी मोजून परत. नागपूर-वर्धा पट्ट्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या गोवारी समाजाकडं. दिवाळीला मोरपिसांची ढाल नाचवत तेच येतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या त्यांच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. गावाचं शेवटचं वासरूही मोजून घरी आणणाऱ्या माणसांची ही गत. गायकी आता गावोगाव कमी झाले आहेत. पोरं कंपनीत जातात. बकऱ्या चारायला उरतात म्हातारी माणसं, किंवा बकऱ्या चरतात आणि राखायला कुणीच नसतं. वाघ वाढले, बिबट वाढले हे सगळे म्हणतात. राखणारा कमी झाला, हे मोजायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

राखणीत देवालाही कामाला लावलेलं होतं. वाघोबा, वाघदेव. रानाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला धोंडा, लाकडावर कोरलेला वाघ, पलीकडं चंद्र-सूर्य. एकट्या मुंबई-ठाणे-पालघर भागात अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेवर ठाणी नोंदवली आहेत. अकोले तालुक्याकडं वसुबारसेलाच वाघबारस म्हणतात. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, ही म्हण शहाण्या माणसानं केलेली दिसते. पण तिचा अर्थ लोक अर्धाच घेतात. खाणारच असेल तर नैवेद्य ठरवून, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी दिलेला बरा, असा तो व्यवहार होता. पुन्हा तोच बकासुराचा गाडा, फक्त भरती कमी केलेली. माणूस आणि दोन हल्यांऐवजी वर्षाला एक कोंबडं.

कातळावर कोरलेला वाघ-बकरीचा पट पाहिला आहे का? किल्ल्यांवर, लेण्यांच्या पायऱ्यांवर असे पट सापडतात. पोरं, गुराखी, पहारेकरी, सगळ्यांचा खेळ. दक्षिणेत तीन वाघ आणि पंधरा शेळ्या असतात, नेपाळात चार वाघ आणि वीस. वाघानं उडी मारून शेळी खायची. शेळीला वाघ मारताच येत नाही, नियमातच नाही. शेळ्या जिंकतात त्या एकाच प्रकारे : सगळ्या मिळून वाघाभोवती अशा उभ्या राहतात की त्याला हलायला घर उरत नाही. नवखा खेळाडू शेळ्या मोकळ्या सोडतो आणि हरतो. मुरलेला खेळाडू पटाची कड धरून चालतो, एक जागा सुटी ठेवत नाही. दुसऱ्या घराण्याचं सगळं शास्त्र त्या पटावर आहे, आणि ते गुराख्यांनी बसल्याबसल्या खडकावर कोरून ठेवलं.

मग इंग्रज आले आणि पहिलं घराणं सरकारी झालं. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला, त्याच सुमारास जंगलखातं उभं राहत होतं, आणि हिंस्र जनावरं ही प्रगतीच्या वाटेतली धोंड ठरली. कातडं कचेरीत दाखवा, इनाम घ्या. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा हिशेब महेश रंगराजन यांनी मांडला आहे. आकडा वाचून पहिला प्रश्न पडतो तो असा, की मग पन्नास वर्षांनी खेड्यातली बकरी निर्धास्त झाली का? तसं कुठं दिसत नाही. माळ नांगरले गेले, हरणं-काळवीट मारले गेले, आणि जे लांडगे-बिबटे उरले त्यांना बकरीशिवाय दुसरं काही राहिलं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं इनाम संपलं, शिकार संपली. पण भीमाची सवय जात नाही. बंदुकीच्या जागी पिंजरा आला. पिंजऱ्याची रचना बघण्यासारखी असते. पुढं बिबट्यासाठी सापळ्याचं दार, आणि मागं जाळीनं वेगळा केलेला कप्पा. त्यात आमिषाची जिवंत बकरी. बिबट आत येतो, पाटीवर पाय पडतो, दार धाडकन पडतं; तो बकरीच्या वीतभर अंतरावर गुरगुरत राहतो आणि बकरी कोपऱ्यात दाबून उभी, पण शाबूत. त्या रात्री पंचक्रोशीतली सगळ्यांत सुरक्षित बकरी तीच असते. वरून, खालून, चारी बाजूंनी जाळी, पक्कं दार. तेवढी जाळी गावातल्या प्रत्येक कोठ्याला मारली असती तर पिंजरा कशाला लागला असता, असा प्रश्न त्या बकरीला पडत असेल तर तो रास्त आहे.

लडाखात लांडग्यांसाठी दगडी खड्डे असत. शांगदोंग म्हणतात. भिंती आत झुकलेल्या, तळाशी जिवंत आमिष, लांडगा उडी मारतो आणि वर येऊ शकत नाही, मग गाव दगड मारून त्याला संपवतं. अलीकडं चुशूलच्या लोकांनी आपले खड्डे निकामी केले, शेजारी स्तूप बांधला, आणि गुरांसाठी पक्के छपराचे वाडे उभे केले. एका घराण्यातून दुसऱ्यात असं उघड दत्तक गेलेलं गाव मला दुसरं माहीत नाही.

धरून दूर सोडणं हा आणखी एक मार्ग, आणि तो फार सात्त्विक वाटतो. सेवाग्रामला बापूंच्या आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी अजून ठेवलेली आहे. साप मारायचा नाही, धरायचा आणि रानात नेऊन सोडायचा, हा तिथला शिरस्ता. बापूंना बकरीचं दूध लागे, म्हणजे आश्रमात बकऱ्याही होत्या. पण सापाला जे जमतं ते बिबट्याला जमत नाही. २००१ पासून जुन्नर भागात बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब केला : त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर आपल्या जागेकडं परतू पाहतं, आणि वाटेत गावं असतात.

आमच्या वर्ध्यानं याचा सगळ्यात वाईट प्रकार पाहिला. ब्रह्मपुरीकडं माणसं मारली म्हणून एक वाघीण पकडली गेली आणि जुलै २०१७ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून बोरमध्ये सोडली गेली. ती बोरमध्ये थांबली नाही. वर्धा, नागपूर, अमरावती अशी कित्येकशे किलोमीटर फिरली. तिच्या वाटेत आणखी माणसं गेली, गोळी घालण्याचा हुकूम निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, तिथं हुकूम कायम झाला. पण तिला कुणी गोळी घालायच्या आत, १४ ऑक्टोबर २०१७ च्या सुमाराला, कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीत एका शेताच्या कुंपणाला तिचा पाय लागला. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेतात उघडी तार लावून तिच्यात घरगुती वीज सोडलेली होती. वाघीण जागच्या जागी गेली.

त्या तारेचा राग येतो, आणि ती लावणाऱ्याची अडचणही समजते. उभा हरभरा एका रात्रीत डुकरं लोळवतात. पण घरच्या विजेचा प्रवाह सतत वाहत राहतो. धरलेलं सोडत नाही, मग तो डुक्कर असो, वाघीण असो की पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी. सौर कुंपणाचं तसं नसतं. बॅटरीवरचं यंत्र दर सेकंदाला एक झटका सोडतं, दाब हजारो व्होल्टचा पण क्षणाच्या बारीक तुकड्यापुरता. जनावराला चटका बसतो, ते मागं सरतं आणि पुन्हा त्या वाटेला येत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळतं. मात्र तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो आणि कुंपण नुसतं शोभेचं उरतं. काटीला उधळी, सौर तारेला गवत. दर आठवड्याला विळा घेऊन फिरणारा माणूस लागतोच.

बंद कोठ्यानं खरंच फरक पडतो का, याला एक उत्तर महाराष्ट्रातच मिळालं आहे. अकोले तालुका, अहिल्यानगर (तेव्हाचा नगर) जिल्हा. अभ्यास झाला तो भाग उसाचा, तिथं जंगल नावालाही नाही, पण बिबटे भरपूर. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष छापले गेले. बिबट्याच्या खाण्यात पाळीव प्राणी वजनानं ८७ टक्के. त्यात कुत्री ३९ टक्के आणि शेळ्या फक्त ११. आता त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट. मग असं का? अभ्यासकांनी दिलेलं कारण अगदी साधं आहे : शेळ्या दिवसा राखणाऱ्याबरोबर असतात आणि रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी हिंडतात. हजारो वर्षांच्या डालग्यांना, वाघरींना, काट्यांना मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र असावं, आणि तेही विष्ठेतून. त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा, की रोमच्या व्हॅरोनं खिळे लावलेला पट्टा घातलेला राखणीचा कुत्रा वर्णिला आहे तो लांडग्यासाठी ठीक. बिबट्याच्या मुलखात कुत्रा हाच त्याचा मुख्य जिन्नस. त्याच्या भरवशावर कोठा उघडा ठेवणं म्हणजे जेवणाच्या पाटासमोर ताट वाढून ठेवणं.

कोंडणं अर्धवट असलं तर मात्र ते न कोंडण्याहून वाईट. बिबट एकदा आत शिरला आणि बकऱ्यांना पळायला वाट नसली की तो एक मारून थांबत नाही. सकाळी पाच-सात मेलेल्या, नेलेली एकही नाही. अशा वेळी चूक बहुधा छपरात असते नाहीतर दारात. बाजूंना नवीकोरी जाळी आणि वर आभाळ, असे कोठे मी कितीतरी पाहिले. लांडग्यासाठी जाळी वीतभर जमिनीत पुरावी लागते, बिबट्यासाठी वरून झाकावी लागते. आणि दार आतल्या बकऱ्यांच्या रेट्यानं उघडता कामा नये.

एवढं करूनही गेलीच बकरी तर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, धूड हलवायचं नाही, पंचनामा होतो. २०२२ च्या दरांप्रमाणे शेळीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जे कमी ते. गाय-म्हैस-बैलाला हीच रीत, कमाल ७० हजार. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, वनमंत्री गणेश नाईक यांनी सांगितलं की माणसं गेल्यावर कोटभर भरपाई देण्यापेक्षा कोटभराच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबटे गावात येणार नाहीत, असं आपण अधिकाऱ्यांना सुचवलं आहे. लोक हसले. मी केळझरचा विचार करत होतो. एकचक्रानगरीचा गाडा पुन्हा जुंपला जात होता, आणि या वेळी पाळी सरकारवर होती. बिबट्याला आयती शेळी कुठं मिळते हे एकदा कळलं की तो कुठं राहायला येतो, हे अकोल्याच्या उसातल्या कुणालाही विचारावं.

त्या संध्याकाळी काकूंच्या कोठ्यात बॅटरी मारून पाहिलं. भिंती विटांच्या, वर टिनपत्रे, पत्र्यांवर धोंडे. मागची खिडकी दोन फळ्या ठोकून बंद केलेली. एका कोपऱ्यात डालगं, त्यावर पाट्याचा तुकडा. गावाबाहेरच्या नाल्यात पाच-सहा दिवसांपूर्वी बिबटाचं पाऊल दिसलं होतं, म्हणून मी दाराकडं नीट पाहिलं. दार म्हणजे बांबूची ताटी, सुतळीनं खांबाला बांधलेली.

"याला कडी-कोयंडा नाही लावला?"

"सेलूच्या बाजारातून आणाचा हाय," काकू म्हणाल्या, "पोरगा दरवेळी विसरते."